कूस उजवली

‘कूस उजवली हो तिची,’ एवढं सांगून रत्नागिरीची काकू फोनवर लगेच मोहोराकडे वळली. यंदा तुडतुडा फार आहे म्हणे. मी मात्र तिच्या क्रियापदापाशीच अडकलो. आपल्याकडे मुलगी उजवतात, म्हणजे तिचं लग्न लावून देतात. आणि लग्नानंतर कूस उजवते. दोन्हींत ‘सुटलो बाबा एकदाचे’ असा सुस्कारा आहे. त्याआधीची वाट पाहण्याची वर्षं त्या चार अक्षरांत मुकाट बसलेली असतात.

शरीरशास्त्राच्या कानाने ऐकलं, तर वाक्प्रचार जागा चुकतो. बीजांची भेट कुशीत होत नाही, बीजनलिकेत होते. कोट्यवधी शुक्राणूंतले काहीशेच तिथवर पोचतात. स्त्रीबीज जगतं जेमतेम दिवसभर. शुक्राणू चार-पाच दिवस तग धरू शकतात, म्हणून आधी येऊन ताटकळणाऱ्याचंही फळतं. मग गर्भ हळूहळू गर्भाशयाकडे सरकतो आणि साधारण सहा-सात दिवसांनी तिथे रुजू लागतो. ‘दिवस गेले’ हा दुसरा वाक्प्रचार जास्त सावध. अवयवाच्या भानगडीत न पडता तो नुसते दिवस मोजतो.

भाषेची गोडी ‘वांझ’पाशी संपते. ‘वांझोटा’ असं पुल्लिंगी रूप आहे, पण ते आपण वादाला लावतो, पुरुषाला नाही. पुरुष ‘निपुत्रिक’, म्हणजे दैवाने नाडलेला. ‘षंढ’ आहे खरा, पण तो शब्द समागमाबद्दल बोलतो, बीजाबद्दल नाही. समागमात काही उणं नसलेल्या पुरुषाच्या वीर्यात एकही शुक्राणू नसू शकतो. त्याला घरगुती मराठीत नावच नाही, दवाखान्यातला ‘काउंट’ आहे. मूल न होणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण असतं, एकटं किंवा बाईकडच्या कारणाच्या जोडीने. बाईकडे पाहावं तर कधी बीज वेळेवर सुटत नाही, कधी क्षयाने किंवा दुसऱ्या संसर्गाने नळ्या बंद झालेल्या असतात. शब्द मात्र एकच, आणि तो तिलाच.

काकूच्या तोंडी कलमाला अधिक न्याय मिळतो. मोहोरातली बरीच फुलं नर, बहुतेक झडून जाणारी. फळ धरलं नाही, तर ती थंडीला, दवाला, अवकाळी पावसाला, तुडतुड्याला बोल लावते; झाडाचा नंबर शेवटी. काकूच्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुरुडला १८८२ साली जन्मलेल्या र. धों. कर्व्यांनी १९२७पासून ‘समाजस्वास्थ्य’ या आपल्या मासिकातून शरीराबद्दल इतक्याच सरळपणे लिहिलं. त्यावरून झालेल्या १९३४च्या अश्लीलतेच्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते, तरी दंड झालाच.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या उपचारांतून एक मूल जन्मलं. तिथे बीजांची भेट शरीराबाहेर घडवली आणि गर्भ गर्भाशयात ठेवला. नळीचं काम काचेने केलं. कुशीकडे रुजवून घेणं तेवढं उरलं. काकूच्या बातमीतली सूनही याच वाटेने गेलेली, तिसऱ्या खेपेला. तेव्हा ‘कूस उजवली’ हे काकू अगदी नेमकं बोलली होती.