असद बेगाची नळी : हुक्का की चिबूक?

असद बेगाने विजापुराहून परतल्यावर, इ. स. १६०४ च्या सुमारास, अकबरास तंबाखूसह जे साधन सादर केले, त्यास 'हुक्का' म्हणण्याचा प्रघात चिंत्य आहे. त्याच्या वृत्तान्तात अचीनची तीन हात लांब नळी, येमेनी अकीकाचे मुखाग्र आणि पेटविण्याचे सुवर्णपात्र आहे. जलपात्राचा निर्देश नाही. मौन हा निर्णायक पुरावा नव्हे. तथापि इतर अंगांचे वर्णन एवढे तपशीलवार असता ते उपेक्षणीयही नाही. रचनेने हे साधन तुर्की चिबुकास (मूळ अर्थ : काठी) अधिक जवळचे ठरते. उमरेडकडील निर्जल चिलिमीस आपण हुक्का म्हणत नाही. दरबारी वस्तूस निराळा निकष का? निदान या आधारावर दक्षिणेतील हुक्क्याचा इतिहास १६०४ पर्यंत मागे नेणे सयुक्तिक नव्हे.