शुद्धतेचे ओझे : सायरस मिस्त्री यांच्या कादंबरीतील खांधिया

पर्यावरणस्नेही अंत्यविधीच्या चर्चेत पारशी समाजाच्या दोखमेनशिनीचा दाखला हमखास दिला जातो. अग्नी, जल व भूमी यांना विटाळ होऊ न देता देह गिधाडांच्या स्वाधीन करणारी ही पद्धत. तिला ना लाकूड लागते, ना जमीन. सायरस मिस्त्री यांच्या ‘क्रॉनिकल ऑफ अ कॉर्प्स बेअरर’ (२०१२) या इंग्रजी कादंबरीने या गौरवाची दुसरी बाजू पुढे आणली. १९४० च्या दशकातील मुंबईत धर्मगुरूचा मुलगा फिरोज खांधियाच्या मुलीवरील प्रेमापोटी स्वतः शववाहक होतो आणि अस्पृश्य ठरतो. भूमीची शुद्धता ज्याच्या खांद्यावर, तोच अशुद्ध! मराठी वाचकाला हा अंतर्विरोध अपरिचित नाही. प्रेमकथेपेक्षा श्रमाची वर्णने आणि खांधियांचा संप हेच कादंबरीचे खरे बळ होय.

डायक्लोफेनॅकने गिधाडे संपत आली. २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. डुंगरवाडीत सौर परावर्तक बसले, २०१५ मध्ये वरळीच्या स्मशानभूमीत पारशांसाठी प्रार्थनागृह उभे राहिले. पक्ष्याला पर्याय शोधण्यावर समाजात बराच वाद झाला. शव मात्र आजही खांधियाच उचलतो, आणि त्या वादात नसलेला त्याचा आवाज या कादंबरीत ऐकू येतो.