बिंदू आणि गाभारा : सय्यद हैदर रझा यांची चित्रकला

बेळगावच्या कपिलेश्वराच्या गाभाऱ्यासमोर हात जोडणारा भाविक ‘ही आकृती कशाची?’ असे कधी विचारीत नाही. पिंडीला नाक-डोळे नाहीत म्हणून त्याचे काही अडत नाही. तोच भाविक अमूर्त चित्रापुढे उभा राहिला की त्याचा पहिला प्रश्न हाच असतो. त्याला हसण्याचे कारण नाही. पिंडीमागे मंत्र, अभिषेक आणि पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा उभी असते. चित्राजवळ केवळ रंग असतो. जे साधावयाचे ते त्या रंगानेच साधले पाहिजे. सय्यद हैदर रझा यांच्या चित्रांस आम्ही हीच कसोटी लावू इच्छितो.

रझांचा जन्म १९२२ साली मध्य प्रदेशातील बाबरिया येथे झाला. वडील वनखात्यात असल्याने बालपण अरण्याच्या सान्निध्यात गेले. चंचल मुलाचे मन स्थिर व्हावे म्हणून शिक्षकांनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे पाहावयास सांगितले, ही आठवण ते स्वतःच सांगत. नागपूर व मुंबई येथे कलाशिक्षण घेऊन १९५० साली ते फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले आणि सुमारे साठ वर्षे फ्रान्समध्ये राहिले. १९५६ साली तेथील समीक्षकांचे पारितोषिकही त्यांना लाभले. आरंभीच्या चित्रांत फ्रेंच खेड्यांतील घरे दिसतात. पुढे ती घरे रंगाच्या लोटात विरघळून गेली. बालपणीचा ठिपका ‘बिंदू’ होऊन चित्राच्या केंद्रस्थानी आला तो मात्र पुष्कळ उशिरा.

१९८१ सालचे ‘माँ’ हे चित्र आम्हांस या प्रवासाचा कळस वाटते. त्यातील काळा बिंदू भोवतीच्या तप्त रंगांना जणू आपल्यात ओढून घेतो. खाली अशोक वाजपेयींच्या कवितेची ओळ देवनागरीत लिहिलेली आहे. परदेशी राहणाऱ्या चित्रकाराला मातेशी बोलताना आपलीच अक्षरे हवीशी वाटली. लिपीचे हे मोल निपाणी-बेळगावच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. १९८३ सालच्या ‘सौराष्ट्र’ या चित्रातही रंगांचे चौकोन असेच धगधगतात. येथे अर्थ ठाऊक नसलेला प्रेक्षकही थबकतो.

तथापि, उत्तरकालीन सर्वच चित्रांविषयी असे म्हणवत नाही. बिंदू, त्रिकोण, पंचतत्त्वे, कुंडलिनी ही नावे आपल्या कानांना इतकी परिचित आहेत की चित्र पाहण्यापूर्वीच मान डोलू लागते. रेषा मोजकी, आकृती सुबक, पण आतील धग निवालेली, असे अनेक ठिकाणी घडले आहे. तेथे बिंदू आपल्याला खेचून घेत नाही; त्याचे नावच तेवढे आपल्याशी बोलते. गोमंतकीय कुळातील वासुदेव गायतोंडे यांनी आपल्या बहुतेक चित्रांना नावच दिले नाही. प्रेक्षकाला रंगाबरोबर एकटे सोडले. त्या वाटेचे धैर्य रझांच्या या चित्रांशेजारी अधिक जाणवते.

म्हणून आमची विनंती इतकीच : रझांचा बिंदू ‘आपला’ म्हणून त्यास नमस्कार करून पुढे जाऊ नये. शीर्षक न वाचता घटकाभर चित्रासमोर उभे राहावे. रंग बोलला तर थांबावे. न बोलला तर तसे निःसंकोच म्हणावे. २०१६ साली देह ठेवल्यावर रझा आपल्या इच्छेप्रमाणे मंडला येथे पित्याच्या कबरीशेजारी विसावले. भिंतीवरील ठिपक्याकडे एकाग्रतेने पाहावयास शिकलेल्या या कलावंताचा खरा सन्मान आपण तितक्याच एकाग्रतेने पाहण्यात आहे.