आठ अक्षरे, तीन कविता

काव्याच्या घटकांची चर्चा मराठीत बहुधा यादीच्या स्वरूपात होते. वृत्त, यमक, प्रतिमा, अलंकार, रस अशी नावे क्रमाने दिली जातात. पुढील प्रकरणात ओवी, अभंग, सुनीत, गझल हे प्रकार येतात. घटक एकत्र आले की प्रकार सिद्ध होतो, अशी समजूत या मांडणीत अध्याहृत असते. ती तपासून पाहण्यास अष्टाक्षरी चरणाइतके सोयीचे उदाहरण मराठीत क्वचितच सापडेल.

माधव जूलियन यांच्या ‘छंदोरचने’त (१९२७, विस्तारित आवृत्ती १९३७) पद्याचे वृत्त, जाती आणि छंद असे तीन वर्ग मानलेले आहेत. वृत्तात लघुगुरूंचा क्रम ठरलेला असतो, जातीत मात्रांचे गट मोजले जातात, छंदात अक्षरसंख्या पुरेशी असते. लहान अभंग तिसऱ्या वर्गातला. त्यात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण असतात व चरणान्ती यमक असते. लघुगुरूचे बंधन नसल्यामुळे बोलण्यातला शब्द फारशी मोडतोड न होता चरणात बसतो. छंदःशास्त्राचे काम येथे पूर्ण होते. कवितेच्या आकलनाचा प्रश्न मात्र येथूनच सुरू होतो, कारण हेच माप तुकाराम, बहिणाबाई चौधरी आणि मर्ढेकर या तिघांनीही वापरले आहे, आणि तिघांच्या कविता एकाच प्रकारच्या आहेत असे कोणीही म्हणणार नाही.

तुकारामांच्या अभंगात आठ अक्षरांचा चरण कीर्तन-भजनाचा व्यवहार गृहीत धरतो. ध्रुवपद पुनःपुन्हा येते, ऐकणारे ते उचलून धरतात. शेवटी येणारी नाममुद्रा अभंग पूर्ण करते आणि त्याच क्षणी बोलणाऱ्याला साक्षीदार म्हणून उभे करते. छंदाच्या व्याख्येत मुद्रेला स्थान नाही. तरीही तिच्यावाचून अभंगाची आकृती अपुरी वाटते. म्हणजे ‘अभंग’ या संज्ञेत अक्षरगणनेइतकाच बोलणारा, ऐकणारे आणि दैवत यांच्यातील संबंधही सामावलेला आहे.

बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी इतरांनी उतरून घेतली आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये ती संग्रहरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांच्यापाशी हे माप आले ते जात्यावरच्या ओवीच्या, घरकामाच्या आणि शेतकामाच्या लयीतून. येथे संबोधन मनाला, संसाराला, घरातल्या आणि शेतातल्या वस्तूंना आहे. दोन चरणांतील यमक उक्ती मिटवते. ती म्हणीसारखी सुटी होते आणि लोकांच्या तोंडी राहते. अभंगात यमक प्रार्थनेला पुढे नेते, तर या गाण्यांत ते अनुभवाचा निवाडा देते. यमक तेच, त्याचे कार्य निराळे.

मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ (१९४७) व ‘आणखी काही कविता’ (१९५१) या संग्रहांत संतकवितेची वळणे जागोजाग आढळतात. देवाला उद्देशून केलेले बोलणे, शरणागतीची भाषा आणि अष्टाक्षरीची परिचित चाल यांच्या शेजारी यंत्रयुगीन महानगराची शब्दकळा येते. वाचकाच्या कानाला छंद आश्वासन देतो आणि शब्द ते मोडतात. भजनी समुदायाचा आधार या बोलण्यामागे उरलेला नाही, हे कवीने विधान करून सांगितलेले नाही. ते छंदानेच कळते. पण हा छंद पूर्वी कशासाठी गायिला जात असे हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच.

येथे मर्ढेकरांचे काव्य आणि त्यांचेच सौंदर्यशास्त्र यांच्यात एक ताण दिसतो. ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) मध्ये त्यांनी संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे मांडली. घटक सुटे असताना सौंदर्य संभवत नाही, ते त्यांच्या परस्परसंबंधांत असते, हा त्यांचा विचार यादीवजा काव्यचर्चेवरील समर्थ उतारा आहे. परंतु हे संबंध कलाकृतीच्या अंतर्गत राहतात आणि कलाकृती स्वायत्त ठरते. त्यांच्या अष्टाक्षरीतला महत्त्वाचा विरोध मात्र अंतर्गत नाही. त्याचे एक टोक कवितेत आहे, दुसरे वारकरी परंपरेच्या स्मृतीत.

यावर असे म्हणता येईल की, छंदाशी निगडित भावना हाही कलाकृतीचाच एक घटक होय. तसे मानले तर ‘अंतर्गत’ या शब्दाची कक्षाच पालटते. छंद हा ध्वनींचा साचा राहत नाही. त्याच्या वापराचा इतिहास कवितेत शिरतो आणि स्वायत्ततेची भिंत सच्छिद्र होते. मर्ढेकरांच्या सिद्धान्ताला यामुळे बाध येण्यापेक्षा त्याची व्याप्ती वाढते, असे मानणे अधिक न्याय्य ठरेल.

काव्यप्रकार ही अशा रीतीने घटकांची बेरीज नसून त्यांच्या वापराची साठलेली स्मृती ठरते. या निष्कर्षाचा अर्थ छंदःशास्त्र निरुपयोगी आहे असा घेणे चुकीचे होईल. मुक्तछंद रूढ झाल्यानंतर अक्षरे मोजण्याची सवय सुटत गेली आणि ती शालेय उपचार मानली जाऊ लागली. ज्याच्या कानाला आठ अक्षरे ओळखता येत नाहीत, त्याला मर्ढेकरांच्या प्रार्थनेतील उपरोध अर्धाच ऐकू येतो आणि बहिणाबाईंची सहजता केवळ निरागस वाटते. अक्षरे मोजून कविता कळत नाही. परंतु मोजता न येणाऱ्याला परंपरा कोठे वळली, हेही कळत नाही.