'राजी'चा त्रिशूळ आणि 'नॉक्टर्न'चे टर्न

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' 2020 मध्ये आला तेव्हा सगळ्यात जास्त कौतुक त्याच्या चित्रांचं झालं. ते रास्तच होतं. पण गेममधला बराच वेळ आपण लढत असतो, आणि त्या लढाईबद्दल नीट बोललं गेलं नाही. म्हणून आज चित्रं बाजूला ठेवू आणि नियम तपासू.

तुलनेला एक जपानी रोल-प्लेइंग गेम घेतेय: अ‍ॅटलसचा 'शिन मेगामी टेन्सेई 3: नॉक्टर्न' (2003). दोघांची जात वेगळी आहे. राजीत बटणं दाबाल तसे वार होतात, नॉक्टर्नमध्ये टर्न असतात. तरी दोन्हींत आपले देव आहेत. राजीला दुर्गेचा त्रिशूळ आणि विष्णूचं धनुष्य मिळतं. नॉक्टर्नमध्ये शिव, विष्णू, लक्ष्मी, सरस्वती चक्क 'डेमन' म्हणून तुमच्या टोळीत येतात. माझा प्रश्न एवढाच: गोष्ट फक्त दिसते, की लढाईच्या नियमांतही उतरते?

टर्न म्हणजे नाणं

1986 च्या 'ड्रॅगन क्वेस्ट'मध्ये हिशेब सरळ होता: एक वार तुमचा, एक शत्रूचा. 1991 च्या 'फायनल फँटसी 4'मध्ये हिरोयुकी इतो यांनी प्रत्येक पात्राला स्वतःचं घड्याळ दिलं. जो चपळ, त्याचा नंबर लवकर. नॉक्टर्नने तिसरीच वाट धरली. तिथे टर्न हे खर्चायचं नाणं आहे.

टोळीत चार जण असतील तर चार नाणी मिळतात. साध्या वाराला एक नाणं लागतं. शत्रूच्या कमजोरीवर बोट ठेवलंत किंवा क्रिटिकल वार बसला, तर अर्धंच. वार हुकला, किंवा शत्रूवर त्या प्रकारच्या हल्ल्याचा परिणामच होत नसेल, तर दोन नाणी जातात. हल्ला शत्रूने उलटवला किंवा शोषून घेतला, तर उरलेली सगळी गेली.

आता आकडेमोड करा. सगळे वार कमजोरीवर बसले तर 8 वार. सगळे साधे बसले तर 4. सगळे हुकले तर 2. पहिलाच हल्ला उलटला तर 1, आणि पुढे शत्रूची बारी. तीच टोळी, तेवढीच ताकद, पण हातात येणारे वार 1 ते 8. फरक फक्त तुम्हाला समोरच्याबद्दल किती माहिती आहे याचा.

गंमत म्हणजे हाच नियम शत्रूलाही लागू आहे. तुमच्या टोळीत एक जण आगीला कमजोर असेल तर त्याच्यामुळे शत्रूला जादा वार मिळतात. त्यात नायक मेला की बाकीचे जिवंत असूनही गेम संपतो. सुरुवातीच्या भागात भेटणारा मॅटाडोर हा बॉस हे सगळं ठोकून शिकवतो. तो स्वतःची चपळाई वाढवतो, तुमचे वार हुकायला लागतात आणि नाणी दोन-दोन करत संपतात. नुसती लेव्हल वाढवून त्याच्यासमोर जाणाऱ्याची फजिती होते. त्याचे वाऱ्याचे हल्ले ज्यांना लागतच नाहीत असे साथीदार आणले, की तीच दोन नाण्यांची चपराक त्याला बसते.

राजीत काय होतं

राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी. असुरांनी तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेलंय. तिच्या लढाईतला सगळ्यात चांगला भाग याच गोष्टीतून आलाय. भिंतीवर धावत जाऊन खाली झेपावून वार करणं, खांबाला धरून गरकन फिरत आजूबाजूच्यांना उडवणं. ही मुलगी बळाने लहान आहे, पण अंगाने लवचिक आहे, हे कुणी सांगावं लागत नाही. इथे गोष्ट नियमात उतरलीये.

अडचण ही की या कसरतींची गरज फारशी पडत नाही. बाजूला लोळण घ्या, दोन वार करा, पुन्हा लोळण घ्या; बऱ्याच लढाया एवढ्यावर निभावतात. त्रिशूळ, धनुष्य, तलवार-ढाल ही शस्त्रं दिसायला आणि चालवायला वेगळी आहेत, पण चुकीचं शस्त्र उचलल्याची शिक्षा क्वचितच होते. आणि जेव्हा मार बसतो, तेव्हा पुष्कळदा कारण कॅमेरा असतो. तो आपल्याला फिरवता येत नाही, आणि चौकटीबाहेरचा असुर दिसत नाही. नॉक्टर्नमध्ये हरलात की आपलं काय चुकलं ते कळतं. राजीत कधीकधी नुसती चिडचिड होते.

यावर कुणी म्हणेल, छोट्या स्टुडिओकडून किती अपेक्षा करायच्या? 2017 मध्ये किकस्टार्टरवर त्यांना हवी ती रक्कम जमली नव्हती, तरी त्यांनी गेम पूर्ण केला, याचा मला आदर आहे. पण मी मागतेय ते महाग नाही. नॉक्टर्नचा नाण्यांचा नियम एका पोस्टकार्डावर मावतो. राजीत समजा काही असुर फक्त भिंतीवरून झेपावल्यावरच घायाळ झाले असते, तर नवीन चित्र न काढता लढाई बदलली असती आणि खेळणाऱ्याला खरंच कसरतपटू व्हावं लागलं असतं.

पुराणकथांवरचे गेम आपल्याकडे आणखी येतील. त्यात देवळं सुंदर असतील, त्रिशूळ चमकेल. मी मात्र एक गोष्ट आधी बघेन: त्या देवाच्या जागी दुसरा कुणीही ठेवला तर लढाई बदलते का? बदलत नसेल, तर देव फक्त भिंतीवरच्या चित्रात आहे.

दोन्ही खेळून बघा. नॉक्टर्नची सुधारित आवृत्ती 2021 पासून पीसीवर मिळते. मॅटाडोरकडून हरलात तर लगेच सोडू नका. हरल्यावर टोळी बदलून बघा.