पुस्तकांच्या फळीवर न ठेवायचा स्पीकर

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

'स्वस्तातले बुकशेल्फ स्पीकर आणि आपलं ऐकणं' असा विषय जाहीर झाल्यामुळे काही जण वही-पेन घेऊन आलेत, मॉडेलचं नाव लिहून घ्यायला. त्यांची थोडी निराशा होणार. (हशा) आज मी यंत्राची शिफारस करणार नाही. यंत्राबद्दल आपण जी भाषा बोलतो ना, तिची समीक्षा करायची आहे. कारण माझं म्हणणं असं, की कमी पैशात चांगलं गाणं ऐकण्याच्या आड स्पीकर फारसा येत नाही, ही भाषा येते.

सुरुवात नावापासून करू. 'बुकशेल्फ', म्हणजे पुस्तकांची फळी. एके काळी खालचे स्वर ऐकायचे तर कपाटाएवढी पेटी लागायची. अमेरिकेत एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये ए. आर. कंपनीचा जो पहिला स्पीकर आणला, त्यात पेटी हवाबंद ठेवून आतल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग केला होता. त्यामुळे लहान पेटीतून खर्ज निघू लागला आणि स्पीकर फळीवर मावू लागला. म्हणजे 'बुकशेल्फ' हा शब्द आकार सांगतो, जागा सांगत नाही. आपण मात्र त्याला सूचना समजलो आणि स्पीकर नेऊन कोंबला शोकेसच्या कप्प्यात, गणपती आणि ट्रॉफ्यांच्या मधोमध.

आता दोन स्पीकरची गोष्ट सांगतो. पहिला बी. बी. सी.चा एल. एस. थ्री फाइव्ह ए, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीचा. बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत, अडचणीच्या जागेत बसून तंत्रज्ञाला आवाज तपासता यावा म्हणून तो बनवला. उंची जेमतेम एक फूट. हा कामावरचा माणूस, पण पुढे लोकांनी प्रेमानं घरी नेला. दुसरा यामाहाचा एन. एस. टेन, १९७८चा. तो घरासाठीच बनवला होता. घरच्या श्रोत्यांमध्ये त्याचं फारसं कौतुक झालं नाही, पण जगभरच्या स्टुडिओंत तो टेबलावर जाऊन बसला. त्याचा ट्वीटर इतका टोचायचा, की ध्वनिमुद्रक त्यावर टिश्यू पेपर चिकटवायचे. घरचा स्टुडिओत गेला आणि कामावरचा घरी आला. यातून समीक्षकानं काय घ्यायचं? स्पीकर चांगला की वाईट, हा प्रश्न अर्धाच आहे. कुठे ठेवून, किती लांबून, कशासाठी ऐकायचा, हे विचारल्याशिवाय तो पुरा होत नाही.

आपण ऐकणार काय? समजा, ख्याल. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज येतो साधारण १३९ हर्ट्झवर. त्याच्या तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९च्या आसपास. चार-पाच इंची शंकूचा साधा, बऱ्यापैकी स्पीकर साधारण ५५-६० हर्ट्झपर्यंत तग धरतो. म्हणजे खर्ज त्याच्या हद्दीत आहे, कुंपणाला टेकून का होईना. शिवाय तानपुऱ्याची सगळी श्रीमंती जवारीत, वरच्या स्वयंभू स्वरांत असते. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये तानपुरा आणि वीणा यांच्या तारांवर लिहिलं, ते याच नवलाबद्दल. रुंद घोडीमुळे या तारांतून असे उपस्वर उमटतात, जे त्या काळच्या नियमाप्रमाणे उमटायलाच नकोत. आणि आपला कान असा हुशार, की वरचे स्वर नीट पोचले तर खालचा मूळ स्वर कमी पडला तरी तो मनातल्या मनात भरून काढतो. मोबाइलवर तानपुऱ्याची किणकिण तेवढी उरते. लहान स्पीकरवर मात्र तानपुरा तानपुरा म्हणून ऐकू येऊ शकतो.

मग घरी तो तसा का ऐकू येत नाही? इथे भिंत येते. स्पीकरमधून निघालेला खालचा स्वर मागेही जातो, भिंतीवर आपटतो आणि परत येतो. स्पीकरचं तोंड भिंतीपासून ६० सेंटिमीटरवर असेल, तर परत येणारी लाट १४३ हर्ट्झच्या आसपास मूळ लाटेच्या नेमकी उलटी पडते. आणि षड्ज कुठे होता? १३९वर! म्हणजे बुवा जिथे येऊन विसावतात, तीच जागा तुमच्या खोलीनं खणून ठेवली आहे. स्वर पूर्ण नाहीसा होत नाही, खोलीतले बाकीचे परावर्तन थोडी भरपाई करतात. पण आवाज पोकळ लागतो आणि आपण म्हणतो, 'स्पीकर हलका आहे, जरा महागातला घ्यायला हवा.' दुकानदार नाही कशाला म्हणेल? (हशा) महागातला आणून त्याच जागी ठेवलात, तर खड्डा तिथेच राहणार. स्पीकर पुढे-मागे करून बघा. एक मीटरवर आणलात, तर तो खड्डा ८६ हर्ट्झवर सरकतो. फक्त मागच्या आणि बाजूच्या भिंतीचं अंतर सारखं ठेवू नका, नाहीतर एकाच जागी दोनदा खणाल.

दहा बाय बाराच्या खोलीचे स्वतःचेही स्वर असतात. बारा फुटांच्या लांबीत ४७ हर्ट्झ घुमतो, दहा फुटांच्या रुंदीत ५६. मोठा स्पीकर हे स्वर जोरात देतो आणि खोली ढोलासारखी वाजते. लहान स्पीकर तिथवर नीट पोचतच नाही. आपल्या घरांत ही उणीव बऱ्याचदा पथ्यावर पडते. सतरंजी, पडदे जरूर वापरा, टाइल्सवरचा खणखणाट त्यांनी उतरतो. पण ५० हर्ट्झला सतरंजी अडवू शकत नाही. आणि कपाटातच ठेवायची वेळ आली, तर स्पीकरचं तोंड फळीच्या कडेपर्यंत पुढे घ्या, बाजूच्या मोकळ्या जागेत पुस्तकं भरा आणि मागे भोक असेल तर त्यात पायमोजा कोंबा. दिसायला गावठी, पण घुमणं कमी होतं.

आणखी एक आपल्याकडची गोष्ट. आपण खाली बैठकीवर बसतो आणि स्पीकर टेबलावर. अशा स्पीकरमध्ये दोन तोंडं असतात, खालचे स्वर एकाचे, वरचे दुसऱ्याचे. कान फार खाली गेला, की दोघांचं अंतर बदलतं आणि जिथे एक काम दुसऱ्याकडे सोपवतो, नेमका तिथेच आवाज उणा होतो. बहुतेक स्पीकरमध्ये हे होतं दोन-तीन हजार हर्ट्झच्या आसपास, शब्दांची व्यंजनं जिथे राहतात तिथे. मग आपण म्हणतो, बंदिशीचे बोल कळत नाहीत. स्पीकर लाकडी स्टुलावर खाली घ्या, किंवा मागे पाचर लावून पुढे झुकवा.

हे सगळं जमलं की नाही, ते कसं ओळखायचं? त्यासाठी केसरबाई केरकर ऐका. त्यांची 'जात कहाँ हो' ही भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अवकाशात गेली. मूळ ध्वनिमुद्रण मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून तंतोतंत तेच येतं. दोघांपासून सारख्या अंतरावर बसा, डोळे मिटा. बाई दोन्ही पेट्यांच्या नेमक्या मधोमध उभ्या राहिल्या पाहिजेत. एका बाजूला झुकल्या तर अंतर किंवा भिंत चुकली. आवाज सगळीकडे पसरून पातळ झाला, तर बहुधा एका स्पीकरच्या लाल-काळ्या वायरी उलट्या लागल्या आहेत. बाकी कुठलंही उपकरण लागत नाही.

आता परीक्षणांची भाषा. 'उबदार', 'हवेशीर', 'पंची'. यातला एकही शब्द खोलीचं माप सांगत नाही. वॉटचंही तसंच. ५० ऐवजी १०० वॉट घेतले तर हाती लागतात फक्त तीन डेसिबल. बैठकीच्या आवाजात ऐकताना बराचसा वेळ एक वॉटसुद्धा खर्च होत नसतो.

पण मी दुसरं टोकही गाठणार नाही. 'जागा बरोबर असली की झालं, पैशाचं काही नाही,' हेही खोटं आहे. पखवाजाची थाप, डग्ग्याच्या घुमाऱ्यातला छातीवर येणारा दाब, पन्नास माणसांना पुरेल असा आवाज, हे लहान स्पीकरकडून मागू नका. अगदी स्वस्तातल्या पेट्यांत तर लाकूडच गायला लागतं. त्या मर्यादा खऱ्या आहेत आणि त्यांना पैसे लागतात. माझा आक्षेप एवढाच, की या खऱ्या मर्यादांच्या नावाखाली खोलीचे दोष विकले जातात. आणि ज्याच्याकडे पैसे नाहीत, तो मुलगा मुलगी समजून बसते की हे गाणं आपल्यासाठी नाहीच. हे मला जास्त गंभीर वाटतं. अभिजात संगीत अवघड आहे म्हणून लोक दूर जातात, असं आपण म्हणतो. त्यांतल्या कित्येकांना तानपुरा कधी ऐकूच आलेला नसतो.

म्हणून वही-पेनवाल्यांनी मॉडेलच्या जागी हे लिहून घ्या: भिंतीपासूनचं अंतर, कानाची उंची, दोन स्पीकरमधलं अंतर. घरी गेल्यावर टेप घेऊन मोजा, मग केसरबाई लावा. त्यानंतरही नवा स्पीकर हवासा वाटला, तर खुशाल घ्या. तोवर काय कमी पडतंय ते तुम्हाला नक्की सांगता येईल.