‘प्रभाव पडला’ म्हणजे नेमकं काय झालं?



दोन वेगळ्या काळांतली किंवा दोन वेगळ्या संस्कृतींतली चित्रं शेजारी ठेवून लिहायला सांगितलं, की आपल्या सगळ्यांच्या हातून एक वाक्य हमखास येतं: “या चित्रावर अमुक शैलीचा प्रभाव दिसतो.” नेटच्या उत्तरात येतं, एम.एफ.ए.च्या प्रबंधिकेत येतं, पीएच.डी.च्या आराखड्यात तर पहिल्याच पानावर येतं. आज या एका वाक्याबद्दल बोलू, कारण तुमचा संशोधनाचा प्रश्न बहुतेक वेळा इथेच हरवतो.

मराठीतलं क्रियापद बघा. प्रभाव ‘पडतो’. पाऊस पडतो, सावली पडते, तसा. यात करणारा कोणीच नाही. ज्याच्यावर पडला तो चित्रकार नुसता उभा आहे आणि वरून काहीतरी येऊन त्याला भिजवून गेलं. प्रत्यक्षात एका माणसानं दुसऱ्याचं काम पाहिलं, त्यातलं काही उचललं, काही सोडलं, काही उलटं केलं. मायकेल बॅक्सँडल या कला-इतिहासकारानं १९८५ साली ‘पॅटर्न्स ऑफ इंटेन्शन’ या पुस्तकात नेमकी हीच तक्रार केली होती. ‘अ’चा ‘ब’वर प्रभाव पडला असं म्हटलं की कर्ता ‘अ’ ठरतो. खरं काम मात्र ‘ब’ करत असतो.

नुसतं तत्त्व सांगून उपयोग नाही. सतराव्या शतकातली दोन उदाहरणं घेऊ. एकात भारतातला चित्रकार युरोपातून घेतो, दुसऱ्यात युरोपातला चित्रकार भारतातून.

पहिलं चित्र: बिचित्रचा जहांगीर

वॉशिंग्टनच्या फ्रीअर गॅलरीत साधारण १६१५ ते १६१८ च्या दरम्यानचं एक मुघल चित्र आहे. बादशहा जहांगीर राजांपेक्षा एका सूफी शेखला जास्त मान देतो, असा विषय. चित्रकार बिचित्र. चित्राचा भाग जेमतेम २५ सेंटिमीटर उंच, म्हणजे वहीच्या पानाएवढा. हे आकारमान लक्षात ठेवा. स्क्रीनवर मोठं करून बघताना आपण विसरतो की हे चित्र हातात धरून, जवळून बघायचं होतं.

आधी फक्त वर्णन करू. जहांगीर एका मोठ्या वाळूच्या घड्याळावर बसलाय. डोक्यामागे सूर्य आणि चंद्रकोर एकत्र असलेलं भलंमोठं प्रभामंडल. तो शेखला एक पुस्तक देतोय. डाव्या बाजूला चार माणसं एकाखाली एक: सगळ्यात वर शेख, मग एक तुर्की सुलतान, मग इंग्लंडचा राजा पहिला जेम्स, आणि सगळ्यात खाली स्वतः चित्रकार, हातात एक छोटं चित्र घेऊन. पंखवाली युरोपीय बालकं वरही आहेत आणि खालीही. खालची दोघं घड्याळावर बादशहाला हजार वर्षांचं राज्य चिंतणारा मजकूर लिहितायत.

आता नेहमीचं वाक्य लिहून बघा: “या चित्रावर युरोपीय कलेचा प्रभाव दिसतो.” चुकीचं आहे का? नाही. वाळूचं घड्याळ, पंखवाली बालकं, जेम्सचा चेहरा हे सगळं युरोपातूनच आलंय. पण हे वाक्य वाचून चित्राबद्दल काय कळलं? जवळजवळ काहीच नाही.

त्याऐवजी तीन गोष्टी विचारा.

एक, कोणती वस्तू? ‘युरोपीय कला’ आग्र्याला आली नव्हती, सुट्ट्या वस्तू आल्या होत्या. १५८० मध्ये गोव्याहून निघालेले जेझुइट पाद्री फत्तेपूर सीक्रीला अकबराच्या दरबारात पोचले. त्यांनी अँटवर्पला छापलेलं अनेक भाषांतलं बायबल भेट दिलं आणि त्यात कोरीव छापचित्रं होती. पुढे १६१५ मध्ये जेम्सचा वकील सर टॉमस रो हिंदुस्थानात आला, १६१९ पर्यंत राहिला. त्याच्याबरोबर इंग्लिश चित्रं दरबारात आली. जेम्सचा चेहरा अशाच एखाद्या इंग्लिश व्यक्तिचित्रावरून घेतलाय, असं अभ्यासक मानतात.

दोन, काय बदललं? जहांगीरचा चेहरा मुघल रीतीप्रमाणे पूर्ण बाजूनं, एकचश्म. जेम्सचा चेहरा मात्र अर्धवट आपल्याकडे वळलेला, युरोपीय व्यक्तिचित्रात असतो तसा. बिचित्रला जेम्स एकचश्म करता आला नसता का? सहज आला असता. रो आपल्या रोजनिशीत सांगतो, की त्याच्याकडच्या एका चित्राच्या नकला दरबारी चित्रकारानं केल्या, मेणबत्तीच्या उजेडात अस्सल चित्रासोबत मांडल्या, आणि स्वतःचं चित्र ओळखताना त्याची दमछाक झाली. एवढं कसब असलेल्या दरबारात जेम्स परका दिसतो तो हात तोकडा पडला म्हणून, असं म्हणणं कठीण आहे. परकी शैली इथे परकेपणाची खूण म्हणून ठेवलीय, असं वाचणं जास्त पटतं.

तीन, कुठे ठेवलं? इंग्लंडमध्ये हे चित्र राजाचं होतं आणि एकटंच होतं. इथे तोच राजा शेखच्या आणि सुलतानाच्याही खाली उभा आहे. चेहरा तोच, पण जागा बदलल्यामुळे अर्थ पार बदलला.

आता ‘प्रभाव’ हा शब्द न वापरता तेच लिहू: “बिचित्रने इंग्लिश व्यक्तिचित्रातला जेम्सचा चेहरा त्याच्या परक्या शैलीसकट घेतला आणि मुघल दरबाराच्या मानक्रमात शेख व सुलतानाच्या खाली बसवला.” या वाक्यावर कोणी वाद घालू शकतो आणि पुरावाही मागू शकतो. संशोधनाचं वाक्य असंच लागतं.

एक सावधगिरी. कर्ता शोधताना सगळं श्रेय चित्रकाराला देऊन मोकळे होऊ नका. हे चित्र बादशहासाठी केलेलं आहे. कोण कुठे उभं राहील हे बिचित्रनं ठरवलं की जहांगीरनं, हे चित्र सांगत नाही. चित्रकाराची सही मात्र बादशहाच्या पायाखालच्या चौरंगावर आहे. ती नम्रता आहे, की बादशहाच्या इतकं जवळ नाव लिहिण्याचा मान? दोन्ही वाचनं शक्य आहेत, आणि तुमच्या प्रबंधात दोन्ही यायला हवीत.

दुसरं चित्र: रेम्ब्रांटच्या वहीतला हिंदुस्थान

साधारण १६५६ ते १६६१ या काळात, ॲमस्टरडॅममध्ये, रेम्ब्रांटनं मुघल चित्रांवरून रेखाटनं केली. त्यांतली वीसपेक्षा जास्त आज उपलब्ध आहेत. तो स्वतः कधी हिंदुस्थानात आला नाही, पण डच ईस्ट इंडिया कंपनीची वखार सुरतेत होती आणि जहाजांमधून चित्रंही जात होती. यातली बरीच रेखाटनं त्यानं आशियातून आलेल्या कागदावर केली. तो कागद महाग होता, त्यामुळे हा वेळ घालवायला केलेला गिरगिटा नव्हता.

इथेही तेच तीन प्रश्न. त्यानं घेतलं काय? बाजूनं दिसणारे चेहरे, अंगरखे, पटके, जोडे, उभं राहण्याची आणि बसण्याची ढब. सोडलं काय? रंग, सोनं, नक्षीदार हाशिया. बदललं काय? शाईचे पातळ हात देऊन सावली आणि अंगाला गोलाई आणली, जी मूळ चित्रकाराला नको होती.

यातलं ब्रिटिश म्युझियममधलं एक रेखाटन बघा. झाडाखाली चार वृद्ध बसलेत. ते ज्या मुघल चित्राशी जुळतं, ते आज व्हिएन्नाच्या शॉनब्रुन राजवाड्यातल्या एका दालनात भिंतीवर जडवलेलं आहे. आणि १६५६ सालच्या रेम्ब्रांटच्या एका एचिंगमध्ये तशीच मांडणी दिसते. विषय बायबलमधला: अब्राहमकडे तीन दिव्य पाहुणे येतात. पाहुणे टेबलाभोवती नाहीत, जमिनीवर बसलेत, आणि अब्राहम वाकून त्यांची सरबराई करतोय. मुघल बैठक रेम्ब्रांटनं बायबलमधल्या पाहुणचारासाठी वापरली.

आता आपल्या सवयीकडे बघा. बिचित्रनं घेतलं की आपण लिहितो ‘युरोपीय प्रभाव’. रेम्ब्रांटनं घेतलं की लिहितो ‘रेम्ब्रांटचं कुतूहल’, ‘रेम्ब्रांटचा अभ्यास’. दोघांनी केलेलं काम एकाच जातीचं आहे. परकी वस्तू हातात आली, तिच्यातलं काही निवडलं आणि आपल्या कामाला जुंपलं. तरी एका ठिकाणी चित्रकार भिजतो आणि दुसऱ्या ठिकाणी तो शोध घेतो. हा फरक चित्रांत नाही, आपल्या व्याकरणात आहे. भारतीय कलेवर मराठीतून लिहिणाऱ्यानं तरी तो तसाच पुढे चालवू नये.

पुराव्याबद्दलही एक गोष्ट या उदाहरणातून शिकण्यासारखी आहे. १६५६ मध्ये रेम्ब्रांटचं दिवाळं निघालं, तेव्हा त्याच्या चीजवस्तूंची यादी झाली. तीत लघुचित्रांच्या एका अल्बमची नोंद आहे. अनेक जण ती मुघल चित्रं मानतात. पण यादीत ‘मुघल’ असं लिहिलेलं नाही. म्हणून वाक्य लिहिताना “त्याच्याकडे मुघल चित्रांचा अल्बम होता” आणि “त्याच्याकडे असलेला अल्बम मुघल चित्रांचा असावा” यांतलं कुठलं लिहायचं, ते नीट ठरवा. व्हायवाला बसलेला परीक्षक याच ‘असावा’वर बोट ठेवतो.

साम्य दिसलं की थांबा

शेवटचा मुद्दा प्रभामंडलाचा. जहांगीरच्या डोक्यामागचं प्रभामंडल ख्रिस्ती चित्रांवरून आलं, असं वाचायला मिळतं. मग अजिंठ्याच्या बुद्धाच्या डोक्यामागचं? गांधारच्या मूर्तींच्या मागचं? ती तर शेकडो वर्षं आधीची. म्हणजे जहांगीरनं अजिंठ्यावरून घेतलं का? नाही. मुघल चित्रकाराच्या हातात अजिंठा नव्हता, पाद्र्यांनी आणलेली छापचित्रं होती. दिसायला जवळचं काय, यापेक्षा हाताशी काय होतं, हा प्रश्न आधी येतो. दोन चित्रं सारखी दिसली तर ती निरीक्षणाची नोंद झाली. दोघांमधला रस्ता दाखवता आला, तरच ‘घेतलं’ असं लिहा. रस्ता सापडला नाही, तर साम्य म्हणूनच सोडा. त्यात कमीपणा काही नाही.

तर या आठवड्यात एक करून बघा. तुमच्या आराखड्यात ‘प्रभाव’ हा शब्द शोधा आणि प्रत्येक ठिकाणी तो खोडून खरं क्रियापद घाला: घेतलं, वगळलं, नक्कल केली, उलटवलं, दुसऱ्या जागी बसवलं, खाली उतरवलं, नाकारलं. जिथे क्रियापद सुचणार नाही, तिथे एक तर चित्र पुरेसं बघितलेलं नाही किंवा पुरावा हातात नाही. त्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारा. पुढचे सहा महिने काय वाचायचं आणि काय बघायचं, त्याची यादी त्या रेघांमधूनच निघेल.

मुंबईत असाल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात लघुचित्रांचं दालन आहे. वही घेऊन जा आणि एकाच चित्रासमोर अर्धा तास थांबा. पहिली वीस मिनिटं फक्त वर्णन लिहा, मत नको. कोण कुठे बघतंय, कोण कोणाच्या खाली उभं आहे, सावली आहे की नाही. तुमचं वर्णन खाली टाकलंत तर पुढच्या लेखात त्यातल्या एक-दोन नमुन्यांवर आपण मिळून काम करू.